मोटारीचे पुढील ब्रेक-पॅड : घरी बदलताना घ्यावयाची दक्षता

पाथर्डी मार्गावरील करंजी घाट, छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवरील इमामपूर घाट आणि संगमनेरच्या दक्षिणेस पुणे-नाशिक मार्गावरील चंदनापुरी घाट हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील वाहनचालकांच्या नित्य परिचयाचे आहेत. उतारावर मोटारीचा वेग आवरण्याचे काम ब्रेक करतात, म्हणजे गतीचे रूपांतर घर्षणाने उष्णतेत करतात. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. शिवाय ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढे झुकत असल्याने पुढील चाकांच्या ब्रेकवर अधिक ताण येतो व त्यांचे पॅड सामान्यतः लवकर झिजतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. नव्या नमुन्याच्या वाहनांची तपासणी करण्यास नियम १२६ अन्वये ज्या संस्था अधिकृत आहेत, त्यांत जिल्ह्यातील वाहननगर येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेचा समावेश होतो. परंतु तपासणीत उत्तीर्ण झालेले वाहन एकदा रस्त्यावर आले की त्याचे ब्रेक सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची असते.

नव्या पॅडवरील घर्षणद्रव्याचा थर साधारणतः दहा मिलिमीटरच्या आसपास असतो. तो तीन मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलणे इष्ट. ब्रेक दाबताना येणारी कर्कश शीळ ही पुष्कळदा झिजेचीच सूचना असते. एकाच चाकाचे पॅड बदलून खर्च वाचविण्याची प्रवृत्ती दिसते. ती घातक होय. दोन्ही बाजूंची पकड असमान झाल्यास मोटार एका अंगास ओढली जाते.

काम सपाट व कठीण जमिनीवरच करावे. हँडब्रेक ओढून मागील चाकांना ठोकळे लावावेत. चाकाचे नट मोटार उचलण्यापूर्वीच सैल करावेत. जॅक हा केवळ उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नव्हे. म्हणून मोटार भक्कम घोडीवर टेकविल्याखेरीज चाक काढू नये. विटांचा ढीग घोडीची जागा घेऊ शकत नाही, कारण भाराखाली वीट अकस्मात फुटते.

चाक काढल्यावर कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडून तो वर उचलता येतो. काही मोटारींत तो पूर्ण काढावा लागतो. अशा वेळी तो तारेने बांधून ठेवावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. आतील धूळ हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजमधील सवय सोडून दिलेली बरी. काही पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याचे तंतू फुप्फुसांना अपायकारक आहेत. ओल्या फडक्याने धूळ टिपून घ्यावी. डिस्कवर खोल चरे अथवा तडे आढळल्यास काम तेथेच थांबवून मिस्त्रीस दाखवावे.

नवे पॅड जाड असल्याने पिस्टन मागे रेटावा लागतो. जुना पॅड त्यावर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश दाबावे. त्या वेळी टाकीतील ब्रेक-ऑइलची पातळी वर चढते, तिकडे लक्ष असावे. सांडलेले ऑइल रंग खराब करते. पॅड व डिस्क यांना तेल वा ग्रीसचा स्पर्श होता कामा नये.

कॅलिपरचे बोल्ट व चाकाचे नट हस्तपुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत. नट समोरासमोरचे आळीपाळीने घ्यावेत. यानंतरची एक गोष्ट विसरली जाते व तीच सर्वांत धोक्याची आहे. पिस्टन मागे सरकलेला असल्याने पहिल्या दाबास ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते आणि मोटार मुळीच थांबत नाही. म्हणून इंजिन सुरू करून, परंतु मोटार जागेवरून हलविण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे व ऑइलची पातळी पुन्हा पाहावी. पेडल मऊच राहिले तर नळीत हवा शिरल्याचा संशय घेऊन मोटार बाहेर काढू नये. घट्ट लागल्यास मोकळ्या मैदानात मंद वेगाने काही वेळा थांबवून पाहावे. पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत, म्हणजे पहिले काहीशे किलोमीटर, जोराने ब्रेक लावण्याचे प्रसंग शक्यतो टाळावेत, आणि घाट उतरावाच लागला तर खालच्या गिअरमध्ये उतरावा.