गॉस्पेल, सोल आणि स्मूथ जॅझ : ऐकावें कसें?

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस नवल वाटलें असेल. ज्यानें आयुष्यभर मुलांना मराठी व्याकरण आणि इतिहास शिकविला, त्या निवृत्त मास्तरानें अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या संगीताविषयीं बोलावें, हें थोडें विचित्र खरेंच. परंतु या संगीताचें मी एक जुनें देणें लागतों, आणि तें फेडण्याचा हाच मार्ग मला सुचला.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी माझ्याकडे होती. आठवींतला एक ख्रिस्ती मुलगा मजकडे आला आणि म्हणाला, "सर, आम्ही चौघे मिळून एक प्रार्थनागीत म्हणूं का? टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणावयाचें आहे." त्यानें दोन ओळी म्हणून दाखविल्या. तिसरी सुरू होतांच मीं त्याला थांबविलें. "अरे, प्रार्थनेंत एवढा आरडाओरडा कशाला?" असें मीं म्हटलें. "बरं, सर," एवढेंच म्हणून तो गेला. गेल्या वर्षीं माझ्या नातीनें एका दुपारीं माझ्या कानांना तिचें श्रवणयंत्र लावलें, आणि तेंच गीत मला पुन्हां ऐकूं आलें. एडविन हॉकिन्स यांच्या गायकवृंदानें गाइलेलें आणि १९६९ सालीं जगभर गाजलेलें 'ओ हॅपी डे' तें हेंच. या वेळीं मीं तें शेवटपर्यंत ऐकलें. त्यानंतरच्या वर्षभरांत मी जें ऐकत आणि वाचत गेलों, त्याचें सार आज आपल्यापुढें ठेवतों.

प्रथम 'गॉस्पेल' घेऊं. या शब्दाचा अर्थ शुभवर्तमान, म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्राची आणि उपदेशाची वार्ता. या गायनाचें मूळ मात्र देवळापेक्षां शेतांत अधिक आहे. आफ्रिकेंतून गुलाम म्हणून पळवून नेलेलीं माणसें अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापसाच्या आणि भाताच्या शेतांवर राबत होतीं. दक्षिण कॅरोलिनांत १७३९ सालीं गुलामांचा उठाव झाला, तेव्हां दुसऱ्याच वर्षीं तेथील कायद्यानें त्यांस ढोल वाजविण्याची बंदी केली, कारण ढोलाचा आवाज एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर निरोप नेतो अशी मालकांस भीति होती. ढोल गेला, परंतु हात आणि पाय राहिले. टाळी आणि पदाघात हेंच वाद्य झालें. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या टाळ्यांमागें एवढा इतिहास उभा होता, आणि इतिहासाचा शिक्षक असून मला त्याचा पत्ता नव्हता!

१८६५ सालीं अमेरिकेंतील गुलामगिरी संपली. पुढें १८७१ सालीं नॅशव्हिल येथील फिस्क विद्यालयाचा खर्च भागेनासा झाला, तेव्हां तेथील तरुण विद्यार्थी गाऊन पैसा मिळविण्यासाठीं गांवोगांव निघाले. त्यांपैकीं बहुतेक जन्मानें गुलाम होते. जीं गीतें त्यांच्या आईबापांनीं मालकाच्या कानाआड म्हटलीं होतीं, तीं या मुलांनीं भरल्या सभागृहांत गाइलीं. पुढें युरोपांतहि गाइलीं. या गीतांस 'स्पिरिच्युअल' म्हणतात. १९३६ सालच्या फेब्रुवारींत हॉवर्ड थर्मन हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक आपल्या पत्नीसह बारडोलीस गांधीजींना भेटावयास आले होते. निरोप घेण्यापूर्वीं गांधीजींनीं त्यांस एक स्पिरिच्युअल म्हणावयास सांगितलें, आणि पाहुण्यांनीं तें गाऊन दाखविलें. ज्याला मी आरडाओरडा म्हणालों, तें गांधीजींनीं आपण होऊन मागितलें होतें.

आज ज्याला गॉस्पेल म्हणतात त्याचे जनक म्हणून थॉमस डॉर्सी यांचें नांव घेतात. हे गृहस्थ मूळचे मद्यगृहांतून ब्लूज वाजविणारे पियानोवादक. १९३२ सालीं ते गाण्याच्या कामासाठीं सेंट लुइस येथें गेले असतां तार आली कीं, पत्नी बाळंतपणांत वारली. ते शिकागोस परतले. पाठोपाठ मूलहि गेलें. त्या दुःखांत पियानोपाशीं बसून त्यांनीं 'प्रेशस लॉर्ड' हें गीत रचलें. देवा, माझा हात धर, एवढीच त्यांतली मागणी आहे. डॉर्सींच्या नव्या गीतांस शिकागोच्या जुन्या मंडळींनीं प्रथम विरोध केला, कारण त्यांत ब्लूजचा, म्हणजे दारूच्या अड्ड्याचा, सूर होता. परंतु महालिया जॅक्सन यांच्यासारख्या गायिकेनें तीं गीतें घरोघर पोंचविलीं. १९६३ सालीं वॉशिंग्टनच्या मोर्चांत मार्टिन ल्यूथर किंग यांचें प्रसिद्ध भाषण होण्यापूर्वीं महालिया गाइल्या होत्या. आणि १९६८ सालीं किंग यांचा खून झाल्यावर त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं 'प्रेशस लॉर्ड' याच बाईंनीं म्हटलें. एका माणसाचा शोक असा सर्व समाजाचा शोक झाला.

आतां हें संगीत बांधलेलें कसें असतें तें पाहूं. पहिली गोष्ट म्हणजे पुकार आणि उत्तर. मुख्य गायक एक ओळ टाकतो, वृंद ती झेलतो. आपल्याकडे बुवांनीं अभंगाचें चरण म्हणावें आणि टाळकऱ्यांनीं तें उचलावें, त्याच जातीचा हा प्रकार. दुसरी गोष्ट टाळीची. चार मात्रांच्या आवर्तनांत आपला हात पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. त्यांचा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. आपण घरीं प्रयोग करून पाहावा. प्रथम हात चुकेल, परंतु एकदां साधला म्हणजे अंग आपोआप डोलूं लागतें.

तिसरी गोष्ट स्वरांची. ब्लूजमधून आलेले गंधार आणि निषाद हे ना पुरते शुद्ध, ना पुरते कोमल. ते मधल्या जागीं हिंदकळतात. श्रुतींची ओळख असलेल्या आपल्या कानांस हें परकें वाटूं नये. चौथी गोष्ट मात्र आपल्याला खरोखरच नवीन आहे. आपल्या गायनांत षड्ज एकदां लावला कीं तो अढळ. तेथें गाणें रंगांत आलें कीं सबंध षड्जच अर्ध्या स्वरानें वर उचलतात, आणि कधीं कधीं लागोपाठ दोनतीन वेळां उचलतात. पायाखालची जमीनच एक पायरी वर सरकावी, तसा त्याचा परिणाम होतो. पांचवी गोष्ट ऑर्गनची. लॉरेन्स हॅमंड यांनीं १९३५ सालीं विजेवर चालणारा ऑर्गन बाजारांत आणला. नळ्यांचा प्रचंड ऑर्गन ज्या गरीब देवळांस परवडत नव्हता, त्यांनीं हा घेतला. त्याला पुढें फिरत्या कर्ण्याचा ध्वनिवर्धक जोडूं लागले. कर्णा गरगर फिरला कीं आवाज जवळ येतो आणि दूर जातो, असें वाटून स्वराला थरथर येते. उपदेशकाच्या बोलण्यामागून जी हलकी थरथरती साथ ऐकूं येते, ती याच यंत्राची.

'सोल' म्हणजे आत्मा. गॉस्पेलचा देह तसाच ठेवून त्यांतील देवाच्या जागीं प्रिय माणसाला बसविलें कीं सोल झालें, असें थोडक्यांत म्हणतां येईल. १९५४ सालीं रे चार्ल्स यांनीं एका गॉस्पेल गीताच्या चालीवर प्रेमगीत रचलें आणि तें अतिशय गाजलें. सॅम कुक हे गॉस्पेल वृंदाचे लाडके गायक १९५७ सालीं प्रेमगीतांकडे वळले, तेव्हां देवळांतील अनेक चाहते रुष्ट झाले. पूर्वीं दारूच्या गुत्त्याचा सूर देवळांत आला म्हणून तक्रार; आतां देवळाचा सूर नाचघरांत गेला म्हणून तक्रार! परंतु याच कुक यांनीं १९६४ सालीं, बदल येणारच, असें सांगणारें जें गीत दिलें, तें नागरी हक्कांच्या चळवळीचें गीत होऊन बसलें.

अॅरेथा फ्रँकलिन यांचें उदाहरण मला सर्वांत बोलकें वाटतें. त्या डेट्रॉइट येथील धर्मोपदेशकाच्या कन्या. १९६७ सालीं 'रिस्पेक्ट' या गीतानें त्या सोलच्या राणी ठरल्या. कीर्तीच्या शिखरावर असतांना, १९७२ च्या जानेवारींत, त्या लॉस एंजलिसच्या एका साध्या देवळांत गेल्या आणि दोन रात्री वृंदासह केवळ गॉस्पेल गाइल्या. 'अमेझिंग ग्रेस' ही ती ध्वनिमुद्रिका. त्यांच्या सर्व ध्वनिमुद्रिकांत हीच सर्वांत अधिक खपली. त्या प्रसंगाचें चित्रणहि झालें होतें; परंतु चित्र आणि ध्वनि यांचा मेळ बसविण्याच्या खुणा घेण्याचें राहिल्यामुळें तो चित्रपट दीर्घकाळ पडून राहिला आणि बाईंच्या निधनानंतर, २०१८ सालींच लोकांपुढें आला. तो मिळाल्यास अवश्य पाहावा. गाणाऱ्याच्या कपाळावरचा घाम आणि ऐकणाऱ्यांचें उठून उभें राहणें पाहिलें, म्हणजे या संगीतांत श्रोता हाहि एक गायक असतो हें पटतें.

आतां तिसरा प्रकार, स्मूथ जॅझ. म्हणजे मुलायम जॅझ. जॅझचा आणि आपल्या मुंबईचा परिचय जुना आहे. १९३५ सालीं लिऑन अॅबी यांचें कृष्णवर्णीय वादकांचें पथक ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होतें. पुढें चिक चॉकलेट यांच्यासारखे गोवेकर वादक त्या कलेंत पारंगत झाले. त्यांपैकीं पुष्कळांना स्वरलिपि शिकविली ती गोव्यांतील चर्चच्या शाळांनीं. तेथून ते हॉटेलांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. १९५१ च्या 'अलबेला'मध्यें सी. रामचंद्रांच्या संगीताला चिक चॉकलेट यांची साथ होती. देवळांत शिकावें आणि नाचघरांत पोट भरावें, ही कथा अमेरिकेंत आणि गोव्यांत सारखीच घडली.

मुलायम जॅझ मात्र बरेंच नंतरचें. यांत जॅझमधील वेगवान, अवघड स्वरविस्तार मागें ठेवून सोलचा सावकाश ठेका आणि गातां येईल अशी चाल पुढें आणतात. गायकाची जागा बहुधा सॅक्सोफोन किंवा गिटार घेतें. जॉर्ज बेन्सन यांची १९७६ ची 'ब्रीझिन' आणि ग्रोव्हर वॉशिंग्टन यांची १९८० ची 'वाइनलाइट' या त्यांतील नामांकित ध्वनिमुद्रिका. १९८७ सालीं लॉस एंजलिसच्या एका रेडिओ-केंद्रानें सर्व दिवस असेंच संगीत लावण्यास आरंभ केला, आणि इतर शहरांनीं त्याचें अनुकरण केलें. २००८-०९ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि शिकागो येथील अशीं केंद्रें बंद पडलीं. परंतु संगीत बंद पडलें नाहीं. जाणकार यावर आक्षेप घेतात कीं, हें फार गोड आणि निरुपद्रवी आहे. पाहुण्यांशीं बोलत असतांना मागें वाजत ठेवण्यापुरतें बरें. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाहीं. पण कर्क व्हेलम यांचा सॅक्सोफोन ऐकावा. हे मेंफिसच्या धर्मोपदेशकाचे पुत्र. १९९८ पासून त्यांनीं गॉस्पेल आणि जॅझ यांचा संगम करणाऱ्या ध्वनिमुद्रिकांची मालिकाच काढली. त्यांत गोडवा आहे, पण त्या गोडव्याच्या तळाशीं प्रार्थना आहे.

आतां नव्या ध्वनिमुद्रिका ऐकण्याविषयीं दोन शब्द. २०१५ सालापासून नवे अल्बम जगभर शुक्रवारीं प्रसिद्ध करण्याची पद्धत पडली आहे. आमच्या घरीं आतां शुक्रवारची संध्याकाळ त्यासाठींच राखलेली असते. नात अल्बम निवडते आणि मी वही घेऊन बसतों. अनुभवानें आम्हीं तीन नियम केले आहेत. पहिला नियम हा कीं, अल्बम प्रथम क्रमानें सबंध ऐकावा. आवडलें तेवढें उचलूं नये. दुसरा असा कीं, पहिल्यांदां शब्दांकडे लक्ष न देतां टाळी, पुकार आणि ऑर्गन यांचा माग काढावा. शब्द दुसऱ्या वेळीं पाहावे. तिसरा नियम म्हणजे नव्या गायकाच्या मागें उभा असलेला जुना गायक शोधावा. या रीतीनें कोरी हेन्री यांचा २०१६ चा 'द रिव्हायव्हल' ऐकतांना ब्रुकलिनच्या देवळांतला तोच हॅमंड ऑर्गन भेटला. आणि जॉन बटिस्ट यांचा २०२१ चा 'वी आर' ऐकतांना न्यू ऑर्लिअन्सचे शाळकरी वादक आणि गॉस्पेल वृंद भेटले. नवें ऐकण्याचा उत्साह हवाच. परंतु त्याला ओळखीची जोड मिळाली म्हणजे तो आठवड्यांत विरत नाहीं.

कोणी विचारील, आपल्या घरांत अभंग असतांना हें परकें भजन कशाला? माझें उत्तर असें कीं, दुसऱ्याचें दुःख त्याच्या भाषेंत कळणें कठीण, पण त्याच्या सुरांत तें लवकर कळतें. माझी पत्नी वारल्याला आतां चार वर्षें होतील. डॉर्सींच्या त्या गीताचा अर्थ नातीनें मला सांगितला, त्या दिवशीं मी बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. तिनेंहि कांहीं विचारलें नाहीं. तिनें तें गीत पुन्हां एकदां लावलें, एवढेंच.

माझा तो विद्यार्थी आतां चाळिशी ओलांडलेला प्रौढ गृहस्थ असेल. हें भाषण कदाचित् त्याच्या कानांवर पडेलहि. तसें झाल्यास त्याला माझें एवढेंच सांगणें आहे: बाबा रे, त्या वेळीं चूक माझी होती. तुझी तिसरी ओळ ऐकावयाची माझी अजून राहिली आहे.