पवईचा विद्यार्थी आणि ४८ बिटांचा पत्ता

अंधेरीतल्या बहुतेक कार्यालयांत संगणकावर नवा प्रोग्रॅम टाकायचा तर ॲडमिनचा पासवर्ड लागतो. पण त्याच संगणकावर, साध्या खात्यातून, विंडोजमध्ये ‘गेटमॅक’ एवढीच कमांड दिली की नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर पत्ता, म्हणजे मॅक ॲड्रेस, पडद्यावर येतो. लिनक्समध्ये तर तो एका छोट्या फाइलमध्ये असतो आणि ती कोणताही प्रोग्रॅम वाचू शकतो. प्रत्येक यंत्राला वेगळी ओळख देणारा हा आकडा इतका उघडा का?

या पत्त्याच्या घडणीत आपल्या उपनगराचाही वाटा आहे. योगेन दलाल १९७२ मध्ये पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियंता झाले. स्टॅनफर्डला असताना, १९७४ मध्ये, इंटरनेटवर संदेश पोहोचवण्याच्या टीसीपी या नियमावलीचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिणाऱ्या तिघांपैकी ते एक होते. नंतर झेरॉक्समध्ये ते इथरनेटच्या, म्हणजे स्थानिक नेटवर्क जोडण्याच्या तंत्राच्या, कामात आले. प्रायोगिक इथरनेटचा पत्ता जेमतेम ८ बिटांचा होता. त्यात अडीचशेच्या आसपासच संगणक मावत आणि दुसऱ्या नेटवर्कवर तोच आकडा पुन्हा येऊ शकत असे. दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या शोधनिबंधात ४८ बिटांच्या पत्त्यामागचा विचार मांडला : यंत्र जगात कुठेही न्या, त्याचा क्रमांक दुसऱ्या कुणाशी जुळता कामा नये. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी आकडे बसतात. आज पहिले २४ बिट सहसा आयईईई ही संस्था उत्पादक कंपनीला देते आणि उरलेले कंपनी प्रत्येक कार्डाला वेगळे देते.

हा पत्ता सांगण्यासाठीच घडवलेला आहे. स्थानिक नेटवर्कवरच्या प्रत्येक संदेशावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा मॅक ॲड्रेस असतो. वाय-फायवर मजकूर कूटबद्ध असला तरी हे पत्ते उघडेच राहतात. शेजारच्या यंत्रांना जे दिसते ते स्वतःच्याच संगणकातल्या प्रोग्रॅमपासून लपवून फारसे साधत नाही. म्हणून वाचायला परवानगी लागत नाही. बदलायला मात्र सहसा लागते.

मोबाइल आल्यावर या मोकळेपणाची किंमत कळली. वाय-फाय शोधताना फोन आपला पत्ता हवेत सोडत असे, त्यामुळे घाटकोपर किंवा बोरिवलीसारख्या गजबजलेल्या स्थानकावर एखाद्याच्या हालचालींचा माग काढणे शक्य होते. २०१३ मध्ये आयओएस ७ ने आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ ने ॲप्सना खरा पत्ता देणे थांबवले. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून तर फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनवलेला पत्ता वापरू लागले. हा पत्ता ० ते ९ आणि ए ते एफ या चिन्हांत लिहितात; त्यातले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातून आलेला नाही असे समजावे.

प्रोग्रॅमला मिळतो तो ऑपरेटिंग सिस्टिमने सांगितलेला आकडा, आणि तो बदललेला असू शकतो. म्हणूनच मुलुंडच्या एखाद्या सोसायटीने वाय-फायसाठी ‘मंजूर मॅक ॲड्रेस’ची यादी केली, तर तिला कुलूप समजू नये. मंजूर पत्ता हवेतून वाचून आपल्या यंत्राला लावणे जाणकाराला अवघड नाही. संदेश योग्य यंत्रापर्यंत नेण्याचे काम हा पत्ता चोख करतो. माणसाची ओळख पटवण्यासाठी भक्कम पासवर्डच हवा.