वाइनची किंमत आणि ताटातली चव

वाइनच्या दुकानात परदेशी बाटली हातात घेतली की नजर आधी किमतीवर जाते आणि महाग ती चांगली, असा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. आपल्याकडे हा हिशेब जास्तच फसतो. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क होतं. म्हणजे 4 युरोंची पोर्तुगीज बाटली आपल्या बंदरात उतरताच तिच्यावर आणखी 6 युरो चढणार. त्यापुढे राज्याचे कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022मध्ये लागू झाला, तेव्हा तिथल्या 5 डॉलरपेक्षा महाग बाटल्यांवरचं शुल्क 100 टक्क्यांवर आलं. इथल्या फळीवर जी बाटली भारीची वाटते, ती तिच्या गावात रोजच्या जेवणाबरोबर उघडली जाणारी साधी वाइन असू शकते.

मग निदान मायदेशात तरी किंमत चवीची खूण असते का? काही अंशी असते. कमी पीक घेणं, द्राक्षं हातानं खुडणं, ओकची नवी पिंपं वापरणं, वाइन वर्षानुवर्षं मुरवत ठेवणं, याला पैसा लागतोच. बोर्दोचं नेहमीचं पिंप 225 लिटरचं असतं, त्यात जेमतेम 300 बाटल्या निघतात; पिंपाचा खर्च तेवढ्यांवरच पडतो. पण त्याहून वर गेलेली किंमत बऱ्याचदा गावाच्या आणि घराण्याच्या नावाची असते. किंमत आणि लेबल झाकून घेतलेल्या 6,000हून अधिक चाखण्यांचा अभ्यास 2008मध्ये प्रसिद्ध झाला. वाइनचं शिक्षण न घेतलेल्या लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्याचं त्यात दिसलं. शिकलेल्या जिभांचं मत तसं नव्हतं. अनेक महागड्या वाइनमधला तुरटपणा आणि ओकचा वास सवयीनंच आवडू लागतो, असं मला वाटतं. तो आवडला नाही तर त्यात कमीपणा काहीच नाही.

कमी खर्चात चांगलं प्यायचं असेल तर नावाजलेल्या प्रदेशाची सर्वांत स्वस्त बाटली घेऊ नये. कमी बोलबाला असलेल्या प्रदेशाची बरी बाटली घ्यावी. चिलीच्या कार्मेनेरची गोष्ट यासाठी माहीत असायला हवी. हे मूळचं बोर्दोचं द्राक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीनं फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, आणि पुन्हा लागवड करताना उशिरा पिकणारं हे द्राक्ष फारसं कुणी लावलं नाही. पण त्याआधीच त्याची रोपं चिलीला पोचली होती. तिथे ती मर्लोच्या वेलींत मिसळून गेली आणि मर्लो म्हणूनच विकली जात राहिली. 1994मध्ये फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ ज्याँ-मिशेल बुर्सिको यांनी मळ्यातल्या वेली पाहून हे कार्मेनेर असल्याचं ओळखलं. हिरव्या मिरचीसारखा किंचित वास, मऊ तुरटपणा आणि आवाक्यातली किंमत, असं हे द्राक्ष वांग्याच्या भरताशी छान जमतं. दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लां, स्पेनची गार्नाचा, पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्दे याही अशाच, पैशाला जागणाऱ्या.

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हाही गैरसमजच. 2000मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या अनेक रीजलिंग उत्पादकांनी मिळून बूच सोडलं, ते खराब बुचामुळे वाइनला येणारा कुबट, ओलसर पुठ्ठ्यासारखा वास टाळण्यासाठी. आणि ‘जुनी तितकी चांगली’ हे थोड्याच वाइनना लागू पडतं. स्वस्त वाइन बहुधा दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते. ती कपाटात जपून ठेवली तर फळाचा ताजेपणा तेवढा जातो.

‘माशाबरोबर पांढरी, मटणाबरोबर लाल’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यामागचं कारण कळलं की त्याची बेडी होत नाही. लाल वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाचा हिवस वास तोंडात वाढतो, असं जपानी संशोधकांनी 2009मध्ये दाखवलं. म्हणजे दोष रंगाचा नाही. कमी तुरट, हलकी पिनो न्वार सामनबरोबर सर्रास पितात. रंगापेक्षा चार गोष्टी पाहाव्यात : आंबटपणा, गोडी, तुरटपणा आणि अल्कोहोल. वाइन निदान पदार्थाइतकी आंबट हवी, नाहीतर ती मिळमिळीत लागते. म्हणून कोकम घातलेल्या कालवणाला आंबटसर व्हिन्यो व्हेर्दे घ्यावी. पदार्थ गोड असेल तर वाइन त्याहून गोड हवी. पुरणपोळीबरोबर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. मीठ तुरटपणा मऊ करतं. तळलेल्या कोथिंबीर वडीला बुडबुड्यांची, आंबटसर वाइन फार चांगली. स्पेनची कावा किंवा नाशिककडची स्पार्कलिंग.

राहिलं तिखट. झणझणीत जेवणाबरोबर वाइन जमतच नाही, असं आपल्याकडे ठामपणे म्हटलं जातं. तांबड्या रश्शाबरोबर 14 टक्के अल्कोहोलची, तुरट लाल वाइन घेतली तर ते खरंच ठरतं, कारण अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिरचीची आग वाढवतात. थंडगार, किंचित गोड आणि कमी अल्कोहोलची वाइन घेऊन पाहा. जर्मनीच्या मोझेल खोऱ्यातल्या काबिनेट रीजलिंगमध्ये अनेकदा 8-9 टक्केच अल्कोहोल असतं. ती मिळाली नाही तर नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लां चालेल.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी म्हणतात, पण त्यातली खोली थंड युरोपातली, 16-18 अंशांची. आपल्याकडे उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावीच. स्वस्त लाल वाइनला तर त्यानं उठाव येतो.

एक गैरसमज मात्र चवीचा नाही, आणि तोच सर्वांत घातक आहे. 2022च्या जानेवारीत महाराष्ट्रात सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य घरोघरी ऐकू आलं. हृदयाला ती चांगली, असंही सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी 2023मध्ये स्पष्ट केलं, की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. 13 टक्क्यांच्या वाइनच्या 150 मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे 15 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगच्या दीडपट. जे पीत नाहीत त्यांनी औषध म्हणून सुरू करू नये. जे पितात त्यांनी पेला याच हिशेबानं मोजावा आणि गाडीची किल्ली दुसऱ्याकडे द्यावी.