एका हाताचे चाक

सायकलचे पुढचे चाक दोन पायांच्या चिमट्यात धरलेले असते. मोटारसायकलचेही तसेच. बजाज चेतकचे मात्र एकाच बाजूने धरलेले! ज्यांच्या घरी चेतक होती त्यांना ती तिरकी करून किक मारणे आठवत असेल, मोटारीसारखी स्टेपनी चढविणे आठवत असेल. पण हे चाक एका हातावर तोलले कसे, हा प्रश्न फारसा कुणाला पडला नसेल.

मूळ कल्पना विमानाची. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पियाज्जिओ कंपनीचा विमान-कारखाना बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. त्यानंतर कोराडिनो द'आस्कानिओ या विमान-अभियंत्याने १९४६ मध्ये व्हेस्पा स्कूटर घडविली आणि तिच्या पुढच्या चाकाला विमानाच्या चाकासारखा एकाच बाजूने आधार दिला. त्याच व्हेस्पाच्या परवान्यावर बजाजच्या स्कूटरी बनू लागल्या. परवाना १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली आणि आकुर्डीचे नाव घरोघर पोचले.

मी बँकेत अधिकारी होतो. स्कूटर-कर्जाच्या अर्जावर चासी नंबर आणि इंजिन नंबर ताडून पाहायचा, एवढाच माझा या यंत्राशी संबंध. नंबर लागायला लोक वर्षानुवर्षे थांबत आणि मंजुरीची सही झाली की पेढे घेऊन येत. स्कूटरच्या पोटात काय असते हे मात्र मी परवापरवापर्यंत पाहिले नव्हते.

माझ्या जुन्या चेतकचे हँडल सरळ रेषेतच अडकू लागले, खड्ड्यात खालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. आकुर्डी गावठाणातले एक निवृत्त फिटर घराच्या पडवीत जुन्या स्कूटरी दुरुस्त करतात. सारे त्यांना अण्णा म्हणतात. आता हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि डिप्लोमाला असलेली त्यांची नात पाना चालविते.

उकलणे सोपे. खरी परीक्षा जोडण्यात. आधी फोर्कच्या टोकाला लिंक बसते. नीडल बेअरिंगमध्ये भरपूर ग्रीस भरून तिची पिन ठोकायची. लिंकवर चाकाचा आस, आणि तिला तोलून धरायला स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर. लिंक मागे ओढली जाणारी असते आणि ब्रेकची प्लेटही तिच्यावरच. त्यामुळे पुढचा ब्रेक दाबला की चेतक नमस्कार केल्यासारखी वाकते. तो बिघाड नव्हे, तो रचनेचा स्वभाव!

मग मडगार्ड. ते वरून फोर्कच्या नळीत ओवावे लागते. विसरलात तर सगळे पुन्हा खाली. त्यानंतर कोनसेट. वाटीत ग्रीस थापून तिच्यात एकेक छर्रा चिकटवायचा; ग्रीस हाच त्यांचा आधार. ठोकळ्यांवर उचललेल्या स्कूटरच्या नळीत खालून फोर्क सरकवताना एक छर्रा जरी निसटला तरी हँडल नीट फिरत नाही. पुढच्या ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल त्याच नळीतून खाली जाते.

नातीने वरचा नट आवळला. अण्णा म्हणाले, “आता थोडा सोड, बाळ.”

“किती, आजोबा?”

“हँडल सांगेल.”

चाक अधांतरी ठेवून हँडल मधोमध धरायचे आणि सोडायचे. ते आपल्या वजनाने, न अडकता एका बाजूला पडले पाहिजे. फोर्क पुढे-मागे हलवला तर आवाज येता कामा नये. फार आवळले तर स्कूटर वळत नाही, फार सैल सोडले तर ठोकते. तिसऱ्या खेपेस हँडल अलगद कलले. आवाज नव्हता. लॉकनट बसला.

“साहेब, हे कागदावर लिहून देता येत नाही हो,” अण्णा मला म्हणाले.

आकुर्डीच्या कारखान्यातले वाहन-उत्पादन २००७ मध्ये थांबले. स्कूटरी बनविणे बंद करण्याचा निर्णय २००९ मध्ये जाहीर झाला. २०१९ मध्ये चेतक विजेवर परतली आणि २०२२ मध्ये आकुर्डीत तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. मूळ रूपात जपलेल्या पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्याचा केंद्राचा नियम २०२१ चा. अगदी पहिल्या चेतकांनी तेवढे वय ओलांडले आहे. अशी नोंद झाली की वाहन रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच.

नियम वाहनाला जपतो, ते ठीकच. पण तो नट किती सोडायचा हे जाणणारा हात कोणत्या वहीत नोंदवायचा? चेतक काचेआड शंभर वर्षे राहील. ती सुटी करून पुन्हा जोडता येणे हे तिचे अर्धे आयुष्य, आणि ते माणसाकडून माणसाकडेच जाते. तुमच्या जिन्याखाली एखादी चेतक धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या फिटरला मारा. आणि त्याचे काम चालू असताना घरातले एखादे पोर त्याच्याशेजारी बसवा.