भिंत सुकली, हे पाहायचे कोणी?

परळच्या एका जुन्या पागडीच्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पावसाळ्यात कपाटामागे काळे ठिपके उमटणे हे आमच्या घरी दरवर्षीचेच. फडक्याने पुसायचे, डांबराच्या गोळ्या ठेवायच्या आणि पाऊस सरला की विसरून जायचे. दोन वर्षांपूर्वी मात्र धाकटीचा रात्रीचा खोकला ऑक्टोबर आला तरी थांबेना. डॉक्टरांनी औषध दिले आणि विचारले, "ही झोपते कुठे?" ती त्याच कपाटाला लागून झोपत होती.

पुढच्या मे महिन्यात आम्ही काम काढले. ठेकेदाराने पोपडे काढले, औषध मारले, पुट्टी आणि रंग लावला. घर नवे दिसू लागले. शेवटचा हप्ता मागताना त्याने एक छापील कागदही दिला : "तपासणी केली, बुरशी नाही." सही त्याचीच. आम्ही दोघेही शाळेत शिकवतो. मुलाने स्वतःचा पेपर स्वतः तपासून शंभरपैकी शंभर घेतले तर आम्ही ते मान्य करू का? मग हा कागद कसा मान्य करायचा?

रंगाखाली काय होते

ओळखीतून एक सिव्हिल इंजिनिअर बोलावले. त्यांचा ठेकेदाराशी संबंध नव्हता आणि दुरुस्तीचे काम ते घेत नाहीत. त्यांनी दोन सुयांचे ओल मोजायचे यंत्र आणले. आधी हॉलच्या कोरड्या भिंतीवर लावले, मग कपाटामागच्या भिंतीवर. हे यंत्र मुळात लाकडासाठी बनवलेले असते, त्यामुळे प्लास्टरवर त्याच्या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो, क्षारांमुळेही आकडा फुगतो. म्हणून कोरड्या भिंतीशी तुलना करायची. आमच्या नव्या रंगाखाली आकडा कितीतरी वर गेला.

मे महिन्यात पाऊस नाही, मग पाणी कुठले? वर बोट केले तर वरच्या आपांची मोरी. नळीचा सांधा सुटला होता आणि बारा महिने पाणी झिरपत होते. ठेकेदाराने ठिपके घालवले, पाणी तसेच ठेवले. बुरशीला ओल मिळाली की ती पुन्हा येणारच. वर रंग मारला तर ती काही दिवस दिसत नाही, एवढेच.

आपांकडे जाताना मनात धाकधूक होती. जुन्या इमारतीत मोरीच्या गळतीवरून अबोला धरलेली घरे आम्ही पाहिली आहेत. पण हातात तिऱ्हाईत माणसाचा कागद होता, त्यामुळे आरोपाचा सूर आला नाही. आपा म्हणाल्या, "बेटा, आधी का नाही सांगितलंत?" खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला.

जगात काय करतात

अमेरिकेतील टेक्सास राज्याने २००३ मध्ये बुरशीच्या कामासाठी परवान्याचा कायदा केला. त्यात एकाच घराची तपासणी आणि सफाई एकाच परवानाधारकाला करता येत नाही. न्यूयॉर्क राज्यातही २०१६ पासून असाच नियम आहे. कारण साधे आहे : ज्याचे पैसे निकालावर अवलंबून, त्याने निकाल देऊ नये.

इंग्लंडमध्ये रॉचडेल येथे सुदानहून आलेल्या कुटुंबातील अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. वरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. घरातील बुरशीमुळेच त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या चौकशीत निघाला. त्यानंतर तेथे २०२३ च्या कायद्यात घरमालक संस्थांवर ओल व बुरशीची ठरलेल्या मुदतीत चौकशी आणि दुरुस्ती करण्याचे बंधन आले. तो कायदा अवाबच्या नावाने ओळखला जातो.

आपण काय पाहावे

आपल्याकडे बुरशीच्या कामाला असा वेगळा परवाना नाही, तेव्हा दक्षता आपलीच. हवेची चाचणी महाग असते आणि प्रत्येक घराला तिची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ओल आणि बुरशीचा संबंध दम्याशी व श्वसनाच्या त्रासाशी जोडला, पण हवेत किती बुरशी चालेल याचा आकडा ठरवून दिला नाही. पावसाळ्यात मुंबईच्या बाहेरच्या हवेतच बुरशीचे कण भरपूर असतात. म्हणून चाचणी केलीच तर घरातला आणि बाहेरचा नमुना एकाच वेळी घ्यायला सांगा. नुसत्या घरातल्या आकड्यावरून काही कळत नाही.

आधी करायच्या गोष्टी साध्या आहेत :

१. पुट्टी आणि रंगाच्या आधी तपासणी करा. रंग लागला की डोळ्यांना काही दिसत नाही.

२. खिडक्या रात्रभर बंद ठेवून सकाळी खोलीत शिरा. कुबट वास आला तर काम अपुरे आहे.

३. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि एक-दोन दिवसांनी पाहा. पाणी प्लास्टिकमागे असेल तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूने असेल तर ती हवेतली.

४. घासलेली धूळ पुसली आहे का पाहा. मेलेल्या बुरशीच्या धुळीनेही खोकला आणि ॲलर्जी होते. भिजलेली गादी, पुठ्ठे, कुजलेले प्लायवुड ठेवू नका.

५. ब्लीचिंग वापरलेच तर त्यात टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

६. शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याचे आधीच लेखी ठरवा. मे महिन्यात बाहेरची भिंत कोरडी दिसली म्हणून ती जुलैमध्येही कोरडी राहील असे नाही.

ओल अनेक खोल्यांत असेल, सळ्या गंजून प्लास्टर पडत असेल, तर गोष्ट बुरशीपुरती उरत नाही. महापालिका कायद्यात ३० वर्षांवरील इमारतीची नोंदणीकृत अभियंत्याकडून पाहणी बंधनकारक आहे. उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे सर्व भाडेकरूंनी मिळून अर्ज द्यावा.

आमच्या घरी सांधा बदलला, प्लास्टर पुन्हा काढले, भिंत तीन आठवडे उघडी ठेवली. इंजिनिअर दोनदा आले : एकदा रंगाआधी, एकदा जुलैच्या झडीत. दुसऱ्या खेपेला दोन्ही भिंतींचे आकडे जवळपास सारखे आले. त्याच दिवशी ठेकेदाराचा राहिलेला हप्ता दिला. कपाट मात्र आता भिंतीपासून चार बोटे पुढे आहे, आणि धाकटी खिडकीकडे झोपते.