चार मिलिमीटरचा फरक

बँकेत तीस वर्षं नोटा मोजल्या, पण नोट ‘वाचायला’ शिकलो तो परवाच्या सुट्टीत. गावातल्या अंधशाळेत आठ दिवसांचा वर्ग होता. कुणी तबला शिकवत होतं, कुणी स्वयंपाक. माझ्या वाट्याला व्यवहार आला.

शंभराची नवी नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची सारखीच, ६६. शंभरावर उठावाचा त्रिकोण असतो, पाचशेवर वर्तुळ. पण बाजार फिरून आलेली नोट गुळगुळीत! रिझर्व्ह बँकेचं २०२० सालचं ‘मनी’ ॲप आहे, तरी भाजीवालीपुढे दर नोटेला मोबाईल कोण काढणार? दहावी दिलेल्या एका मुलीची तोड साधी. नोटेचं एक टोक मधल्या बोटाच्या अग्राला लावायचं, दुसरं तळहातावर कुठं येतं ते लक्षात ठेवायचं. मी डोळे मिटून पाहिलं. तीनदा चुकलो.

“काका, घाई करू नका,” ती म्हणाली.

शेवटच्या दिवशी पुठ्ठ्याला खिडकी कापून चेकवर सही करायला शिकवलं. तिनं विचारलं, “आम्हांला चेकबुक देतात?”

देतात. २००८ साली रिझर्व्ह बँकेनं तसं स्पष्ट बजावलं. त्यापूर्वी एका अंध शिक्षकांना “नियमात बसत नाही” म्हणून मीच काउंटरवरून परत पाठवलं होतं. काही न बोलता काठी टेकत ते गेले. कादंबऱ्या तेव्हाही लिहीत होतो, बरं का! हे मी वर्गात सांगून टाकलं.

“मग आता माझ्याबरोबर बँकेत याल?”

सोमवारी अकरा वाजता जायचं ठरलं आहे.