परदेशात गाडीचा कर थकतो तेव्हा

2024 च्या नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळीच भाच्याचा जपानहून फोन आला. "जयभीम मामा. आईला सांगू नका, पण माझ्या नावावर जप्तीची सूचना आली आहे." तो आइची प्रांतात एका कारखान्यात नोकरीला आहे. कारखाना गावाबाहेर, रात्रपाळीला बस नाही, म्हणून त्याने पंधराशे सीसीच्या आतली एक जुनी गाडी घेतली होती. तिचा वर्षाचा कर 34,500 येन, म्हणजे आपले साधारण एकोणीस हजार रुपये, थकला होता.

मुलगा बेजबाबदार नाही. आपल्या महाराष्ट्रात खाजगी गाडीचा कर नोंदणीच्या वेळीच एकरकमी भरला जातो. त्याला वाटले, तिथेही गाडी घेताना सारे भागले. जपानमध्ये मात्र 1 एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर असेल, त्याने त्या पूर्ण वर्षाचा कर द्यायचा असतो. मे महिन्यात घरी कागद येतो आणि बहुतेक ठिकाणी 31 मेपर्यंत पैसे भरावे लागतात.

हा कागद त्याला मिळालाच नाही. त्याने खोली बदलली तेव्हा नगरपालिकेत नवा पत्ता नोंदवला, पण गाडीच्या कागदावरचा पत्ता वेगळा बदलावा लागतो, हे त्याला कोणी सांगितले नाही. लिफाफे जुन्या खोलीवर जात राहिले. तिथल्या मित्राने तीन लिफाफे एकदमच आणून दिले. शेवटच्या पत्रावर जप्ती हा शब्द होता. तिथल्या कायद्यानुसार स्मरणपत्र निघाल्यावर दहा दिवसांत पैसे आले नाहीत, तर पगारावर किंवा बँक खात्यावर टाच आणता येते.

मी कारकून माणूस, आधी हिशेब मांडला. 2024 साली पहिल्या महिन्याला वर्षाला 2.4 टक्के आणि पुढे 8.7 टक्के दराने विलंब आकार होता. हजाराखालची रक्कम सोडून 34,000 वर तो मोजतात. 15 नोव्हेंबरपर्यंत 1,185 येन झाले. शंभराखालचे सोडून देतात, म्हणजे भरायचे 1,100. जेमतेम सहाशे रुपये! एवढ्यासाठी पोरगा तीन रात्री झोपला नव्हता.

खरी अडचण वेगळीच होती. गाडीची सक्तीची तपासणी, तिला तिथे शाकेन म्हणतात, ती डिसेंबरमध्ये संपत होती. कर थकलेला असेल तर तिचे नूतनीकरण होत नाही. गाडी बंद म्हणजे रात्रपाळी बंद.

मी म्हटले, "लपून बसू नकोस. जपानी येणारा सोबती घे आणि कर कचेरीत जा." मुदत टळलेला कागद दुकानात घेतीलच असे नाही, कचेरी विलंब आकारासह नवा कागद देते. एकदम पैसे नसतील तर हप्त्यांबद्दलही विचारता येते. मात्र विचारायला आपणच जायला हवे. त्याने शुक्रवारी सगळी रक्कम भरली आणि तपासणीसाठीचा दाखला हातोहात घेतला, कारण भरणा संगणकावर दिसायला काही दिवस जातात.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी आणखी एक विचारावे : परत येताना गाडी मित्राला नुसती तोंडी दिली की काय? 31 मार्चपर्यंत नाव बदलले किंवा नोंदणी रद्द केली नाही, तर पुढच्या वर्षाचा कर जुन्याच मालकावर पडतो. आणि 2024 साली जपानच्या संसदेने, जाणूनबुजून कर बुडवणाऱ्या परकीयाचा कायम वास्तव्याचा परवाना रद्द करता येईल, अशी दुरुस्ती मंजूर केली आहे. ज्याला तिथेच स्थिरावायचे आहे त्याने हे हलक्यात घेऊ नये.

भाच्याचे शाकेन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाले. ताईला मात्र हे सारे आता हा लेख वाचूनच कळेल.